पैलवानकीनंतर बॉडीगार्डची नोकरी: जाऊ का नको?

खानापूरचा_मल्ल:

नमस्कार मंडळी. मी विट्याजवळच्या एका गावातला, वय २७. पोरवयापासून तालमीत वाढलो, आधी गावात, मग सांगलीत. जत्रेजत्रेला मैदानं मारली, कुंडलच्या मैदानातही उतरलो. पुढं उजव्या गुडघ्याचा लिगामेंट गेला. ऑपरेशन झालं, आता चालतो-पळतो व्यवस्थित, पण मोठ्या जोडीची कुस्ती होणार नाही, असं डॉक्टर आणि वस्ताद दोघांनीही सांगितलं.

मध्ये पुण्यात एका एजन्सीमार्फत बाउन्सरचं काम केलं. काळा टी-शर्ट घालून लग्नाच्या नाहीतर हॉटेलच्या दारात उभं राहायचं. त्या लोकांनी शेवटचा पगार बुडवला, फोन उचलणं बंद केलं, म्हणून गावी आलो.

आता आमच्याच भागातल्या एका गलाईवाल्या शेठनी विचारलंय. त्यांचं सोनं-चांदी गाळायचं दुकान तमिळनाडूत आहे. आमच्या खानापूर-आटपाडीकडची किती माणसं या धंद्यापायी देशभर पसरली आहेत, ते इथल्या लोकांना सांगायला नको. शेठना मध्यंतरी फोनवर धमकी आली, त्यांनी पोलिसांत तक्रारही दिली आहे. मला म्हणाले, "पैलवान, आता माझ्यासोबतच राहायचं." पगार पंचवीस हजार, राहणं-जेवण त्यांच्याकडं. त्यांच्याकडं परवान्याची रिव्हॉल्व्हर आहे, ती कमरेला लावून मी फिरायचं, असं त्यांचं म्हणणं.

आईला हे बिलकूल पटलेलं नाही. "दुसऱ्याची गोळी तू का झेलायची?" असं विचारते आणि मला उत्तर सुचत नाही.

बॉडीगार्ड दिवसभर नक्की करतो काय? प्रशिक्षण कुठलं लागतं? रिव्हॉल्व्हरचं कसं? आणि यात पुढं काही आहे का? ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगावं.

बागायतदार_तासगाव:

पैलवान, आमच्या पाहुण्यांतला एक पोरगा असाच एका पुढाऱ्याच्या मागं लागला. वर्षभरात त्याचं काम काय राहिलं? साहेबांचे फोन घेणं, मुलांना शाळेत सोडणं आणि रात्री पाहुण्यांची जेवणं आवरेपर्यंत जागणं. तब्येत गेली. मी म्हणेन पोलीस भरतीचं वय निघून जायच्या आत तिकडं बघ. गुडघ्याचं मेडिकल काय म्हणतील ते मात्र आधी विचार.

निवृत्त_हवालदार_कोरेगाव:

पैलवान, मी पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. त्यानंतर बरीच वर्षं आधी एका कारखानदारांसोबत, मग एका सहकारी संस्थेच्या अध्यक्षांसोबत याच कामात काढली. तुझ्या आईच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण सगळं काम त्या प्रश्नातच आहे. माउलीला सांग, गोळी झेलायची वेळ येते तेव्हा त्याआधीची पाच-दहा कामं कोणीतरी केलेली नसतात. ती कामं करायचाच पगार असतो.

ती कामं कुठली? साहेबांना उद्या पुण्याला लग्नाला जायचंय असं धर. आदल्या दिवशी कार्यालयात स्वतः जाऊन यायचं, नाहीच जमलं तर तिथल्या मॅनेजरशी सविस्तर बोलायचं. गाडी कुठं थांबणार, साहेबांच्या बाजूचं दार कुठल्या अंगाला उघडणार, तिथून स्टेजपर्यंत जाताना अरुंद जागा कुठं आहे. मागचा दरवाजा कुठं, त्याला कुलूप आहे का, असलं तर किल्ली कोणाकडं. आपल्याकडच्या बऱ्याच मंगल कार्यालयांत मागची वाट भटारखान्यातून जाते आणि नेमक्या त्या वाटेत गॅसच्या टाक्या आणि बुंदीच्या पराती मांडलेल्या असतात. आचाऱ्याशी गोड बोलून, चहा पिऊन, त्या हलवून घ्यायच्या. वाटेत रात्री-अपरात्री जखमी माणूस दाखल करून घेणारं हॉस्पिटल कुठलं, ते माहीत पाहिजे. साहेबांचा रक्तगट, चालू असलेल्या गोळ्या आणि घरच्यांचे नंबर कागदावर लिहून खिशात ठेवायचे. मोबाईलवर विसंबायचं नाही, तो ऐनवेळी बंद पडतो.

मग ड्रायव्हर. त्याच्याशी तुझं जमलं नाही तर नोकरी करू नको. गाडी लावताना तोंड नेहमी रस्त्याकडं, पुढं दुसरी गाडी आडवी लागू द्यायची नाही, टाकी कधी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. तू पुढं डावीकडं बसणार, साहेब मागं. गाडी थांबली की आधी तू उतरायचं, आजूबाजूला बघायचं, मगच त्यांचं दार उघडायचं, आणि तोवर ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवायचं. सगळ्यात जास्त जपायचं ते गाडी हळू होते तिथं आणि साहेब चढता-उतरताना. घराचं फाटक, आनेवाडीचा टोलनाका, खंबाटकीत ट्रक अडकून लागलेली रांग, कार्यालयाचं दार. पुढच्या गाडीला चिकटून थांबायचं नाही. तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत, एवढी जागा असली की स्टिअरिंग मारून बाहेर काढता येते.

अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये हल्ला झाला तो असाच, हॉटेलमधून निघून गाडीकडं जाताना. दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या सुटल्या. जेरी पार नावाच्या अंगरक्षकानं अध्यक्षांना गाडीत ढकललं आणि गाडी हलवली. टिम मॅकार्थी नावाच्या दुसऱ्यानं हातपाय फाकवून अंग रुंद केलं आणि पोटात गोळी घेतली. तो वाचला. हल्लेखोराला धरलं ते बाकीच्यांनी. गाडी व्हाइट हाउसकडं निघाली होती, पण रेगन यांच्या तोंडातून रक्त आलेलं पारनं पाहिलं आणि गाडी थेट हॉस्पिटलकडं वळवायला लावली. मला मॅकार्थीइतकंच पारचं मोठेपण वाटतं. साहेबांना झाका, तिथून काढा, जिवंत पोचवा, हे काम त्यानं शेवटपर्यंत नीट केलं.

आता तुझ्यासारख्या पैलवानाला मुद्दाम सांगतो. तुझा तोल, गर्दीत पाय रोवून उभं राहण्याची ताकद, पहाटे उठायची सवय हे सगळं इथं कामाला येईल. पण कुस्तीत एकदा पट धरला की सोडायचा नाही, हे हाडात मुरलेलं असतं. इथं धरलेला माणूस सोडून साहेबांकडं परत यावं लागतं. कोणी मुद्दाम तुझ्याशी झोंबतो, तू त्याला चितपट करण्यात गुंततोस, तेवढ्यात दुसरा साहेबांपर्यंत पोचतो. ढकलायचं, वाट करायची, साहेबांना गाडीत घालायचं आणि निघायचं. मैदान सोडलं म्हणून इथं कोणी तुला हरला म्हणणार नाही.

आणि हात बघायला शीक. हसरा चेहरा फसवतो. हात खिशात आहे का, शाल एकाच खांद्यावर का ओढलीय, उन्हाळ्यात जाकीट का घातलंय. साहेब बोलत असतात तेव्हा सगळी सभा त्यांच्याकडं बघते, तू त्यांच्याकडं पाठ करून सभेकडं बघायचं. जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात भरसभेत मागून हल्ला झाला. पाठीमागचा रस्ता मोकळा होता. हल्लेखोर चालत जवळ आला. पहिला बार लागला नाही, दुसरा लागला तो साधारण अडीच सेकंदांनी. एवढ्या वेळात माणसाला खाली दाबता येतं. तिथल्या पोलिसांच्या चौकशीतही मागच्या बाजूचा पहारा अपुरा होता हेच पुढं आलं. ती चित्रफीत मी नवीन पोरांना दाखवतो आणि फक्त आबेंच्या मागं बघायला सांगतो.

आपल्याकडं सगळ्यात अवघड जागा म्हणजे हार. निवडणूक असो, जत्रा असो, वाढदिवस असो, शंभर माणसं हार घेऊन अंगावर येतात, पाया पडतात, सेल्फीसाठी गळ्यात हात टाकतात. राजीव गांधींना २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला मारणारी बाई हार घेऊनच आली होती आणि पाया पडायला वाकली होती. त्यांचे सुरक्षा अधिकारी प्रदीप गुप्ता त्याच स्फोटात गेले. म्हणून मी साहेबांना पहिल्याच आठवड्यात पटवलं होतं की हार घालणारे एकामागून एक, एकाच बाजूनं येतील, हार हातात घेतला जाईल, आणि ओळखीचा कार्यकर्ता माझ्या शेजारी उभा राहून येणारा कोण ते सांगेल. लोक रागावतात, "साहेब मोठे झाले" म्हणतात. म्हणू द्यायचं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे. माणसाचं रक्षण आणि मालमत्तेचं रक्षण दोन्ही त्यात एकत्रच येतं, बॉडीगार्डसाठी वेगळा कायदा नाही. विनापरवाना एजन्सी चालवता येत नाही. आदर्श नियमांत नवीन गार्डला वर्गातलं १०० तास आणि मैदानातलं ६० तास प्रशिक्षण सांगितलंय, माजी सैनिकांना त्यात सूट आहे. उंची १६० सेंटिमीटर, किलोमीटरभर सहा मिनिटांत पळणं, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. तुला शेठ थेट नोकरीला ठेवणार असतील तर एजन्सीचा प्रश्न येत नाही, तरी हे प्रशिक्षण परवाना असलेल्या संस्थेत करूनच जा आणि सोबत प्रथमोपचाराचा कोर्स कर. रक्तस्राव थांबवता येणं हे दंडाच्या घेरापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. लष्करासारखे चट्टेरीपट्टेरी कपडे मात्र घालू नको. खासगी गार्डनं लष्कराचा, पोलिसांचा किंवा तसा दिसणारा गणवेश घातला तर त्याच कायद्यात वर्षभरापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

रिव्हॉल्व्हरला साफ नकार दे. परवाना शेठच्या नावावर आहे. त्यावर रिटेनर म्हणून, म्हणजे मालकाच्या वतीनं ते शस्त्र बाळगणारा म्हणून, तुझं नाव रीतसर चढल्याशिवाय ती तुझ्या कमरेला लागली तर तुझ्यावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. त्यात दुकान परराज्यात. परवाना किती भागापुरता चालतो ते त्यावरच लिहिलेलं असतं, ते वाचून घे. आणि बाजारपेठेतल्या गर्दीत सराव नसलेल्या हातानं गोळी झाडली तर ती कोणाला लागेल? खासगी बॉडीगार्डला पोलिसांसारखे कुठलेही जादा अधिकार नाहीत. स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव वाचवायचा हक्क कुठल्याही नागरिकाला आहे, तेवढाच तुला आहे, आणि तोही गरजेपुरता. भारतीय न्याय संहितेची ३४ पासून पुढची कलमं कोणा वकिलाकडून समजावून घे.

शेवटचं, बागायतदार म्हणतात ते खरं आहे. साहेबांची बॅग, छत्री, वहिनींची भाजीची पिशवी, काही काही हातात घ्यायचं नाही. उद्धटपणे नाही म्हणायचं नाही, "वहिनी, माझे हात मोकळे असू देत" असं पहिल्याच दिवशी सांगायचं. आणि एकटा माणूस चोवीस तास जागू शकत नाही. शेठना म्हणावं, रात्रीचा दुसरा माणूस लागेल.

वाईकर_मास्तर:

हवालदारसाहेब, वाचून समाधान वाटलं. मी इतिहास शिकवतो आणि प्रतापगडाला पोरांना घेऊन जातो, म्हणून थोडी भर घालतो.

आपल्या जिल्ह्यातच, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाच्या पायथ्याशी अंगरक्षकांचं काम काय असतं ते दिसलं. पोरांना जिवा महाला माहीत असतो, 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' पाठ असतं. सय्यद बंडा महाराजांवर धावला आणि जिवानं त्याचा हात वरच्या वर उडवला. पण त्याआधीचं बघा. भेटीची जागा कोणी ठरवली? महाराजांनी, गडाच्या माऱ्याखाली. खानाची मोठी फौज दूर राहिली. दोन्हीकडं दहा-दहाच अंगरक्षक ठरले. रानात मावळे दडवून ठेवले आणि इशारतीची तोफ ठरली. अंगात चिलखत, डोक्याला मंदिलाखाली जिरेटोप. आणि शामियान्याजवळ येताच महाराजांनी सय्यद बंडा आत उभा आहे हे हेरलं आणि त्याला दूर करायला लावलं, असं बखरीत आहे. समोरच्याचा सगळ्यात धोकादायक माणूस कोण आणि तो कुठं उभा आहे, हे आधीच बघितलेलं होतं. हवालदारांनी भटारखान्यातल्या टाक्या हलवायला सांगितल्या, तोच हा विचार.

आता दुसरी बाजू. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे मारले गेले, ते वाड्याच्या पहाऱ्यावरच्या गारद्यांकडून. 'ध'चा 'मा' सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र हे जास्त महत्त्वाचं वाटतं की गारदी वाड्यात शिरले ते थकलेल्या पगाराचा गलका करत. कट रघुनाथरावांच्या बाजूनं शिजला होता, पण हत्यारबंद माणसांचा पगार थकलेला असला की कट शिजवणाऱ्याचं काम सोपं होतं. त्या दिवशी चाफाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच्यासोबत कापला गेला. पहारेकरी मारेकरी झाले आणि एक नोकर रक्षक झाला. पुढं या खुनाबद्दल रघुनाथरावांना दोषी ठरवणारे रामशास्त्री प्रभुणे आपल्या साताऱ्याजवळच्या माहुलीचे. त्याच १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जनं बनारसला निवडक घोडेस्वारांची तुकडी उभी केली. आज राष्ट्रपतींचे अंगरक्षक म्हणून दिल्लीत दिसतात ती हीच.

कौटिल्यानं तर राजाजवळ कोण ठेवावा याची यादीच दिली आहे. बापजाद्यांपासून सेवेत असलेला, नात्यागोत्यानं बांधलेला, शिकवलेला, जीव लावणारा आणि कामात पारखून घेतलेला. कोण नको तेही सांगितलंय. ज्याला धन आणि मान मिळालेला नाही असा परका नको, आणि आपल्यातलाच असला तरी ज्याचं एकदा वाईट केलं आणि मग परत जवळ घेतलं असा नको. इंदिरा गांधींवर ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी गोळ्या झाडणारे दोघेही त्यांच्याच पहाऱ्यावरचे होते. त्यानंतरच, १९८५ मध्ये, पंतप्रधानांसाठी एसपीजी उभी राहिली.

तुमच्या शेठनी तुम्हाला का निवडलं ते यावरून कळेल. ते तमिळनाडूत राहूनही आपल्या तालुक्यातला, घरदार माहीत असलेला माणूस शोधताहेत. पगार वेळेवर देणार का, हे त्यांना विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मिरजकर_ताई:

दादा, मीही हेच काम करते. मिरजेतल्या एका डॉक्टर मॅडमच्या घरी, मॅडम आणि त्यांच्या दोन मुलींसोबत. आधी होमगार्डमध्ये होते. बाई बॉडीगार्ड म्हटलं की लोक अजूनही हसतात. मास्तरांनी कौटिल्याचं सांगितलं, त्यातच पुढं आहे की राजा झोपेतून उठला की त्याच्याभोवती आधी धनुष्य घेतलेल्या स्त्रिया असाव्यात. १९१३ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायकांनी स्वतःचं अंगरक्षक पथक काढलं होतं. त्यांना जुजुत्सु शिकवणाऱ्या एडिथ गॅरड पाच फुटांहूनही कमी उंचीच्या होत्या. त्या बायका कपड्यांत लाकडी मुदगल लपवून न्यायच्या, आणि मुदगल फिरवायचा व्यायाम इंग्रजांनी नेला तो आपल्याच तालमींमधून!

माझं काम पुरुषांना जमत नाही तिथं सुरू होतं. लग्नात दागिने घातलेल्या बायका जिथं तयार होतात ती खोली, देवळातली बायकांची रांग, मुलींची शाळा सुटायची वेळ. गेल्या हंगामात एका लग्नात पुरुष गार्ड बाहेर उभे होते आणि मेकअपवालीची मदतनीस म्हणून भलतीच मुलगी आत आली होती. मी तिला नाव विचारलं, कोणाबरोबर आली विचारलं, मेकअपवालीकडं बोट दाखवायला सांगितलं. तिला दाखवता येईना. आवाज न चढवता मी तिला दाराबाहेर नेऊन सोडलं. कोणाला कळलंही नाही, नवरीच्या आईला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

एक गोष्ट हवालदारकाकांनी लिहिली नाही, ती मोबाईलची. तुम्ही पैलवान, मित्र भरपूर. शेठसोबत विमानतळावर काढलेला फोटो स्टेटसला टाकलात की शेठ घरी नाहीत हे सगळ्या तालुक्याला कळलं. मी सहा वाजता निघते का सात वाजता, हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नसतं. घरात जे ऐकू येतं, भांडण, आजार, पैशाचं बोलणं, ते घरातच राहतं. मॅडमनी मला ठेवली आहे ती यामुळं.

आणि आईंसाठी: अपघात विमा शेठच्या खर्चानं, वारस म्हणून आईंचं नाव. पीएफ कापणार का तेही विचारा. पुण्यातल्या त्या एजन्सीनं तुमच्याशी जे केलं ते माझ्याही बाबतीत एकांनी केलंय, म्हणून आता कागदाशिवाय मी एक दिवस काम करत नाही.

खानापूरचा_मल्ल:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला हवालदारकाकांचा प्रतिसाद पूर्ण वाचून दाखवला. ती गॅसच्या टाक्यांपाशी थांबवून म्हणाली, "हा माणूस खरं काम केलेला आहे." विम्याचं ऐकून रडली, पण नको म्हणाली नाही.

शेठशी बोललो. रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडंच राहील हे त्यांनी मान्य केलं. रात्रीसाठी दुकानातला एक जुना माणूस आहे म्हणतात. एक शंका राहिली. शेठ हट्टी आहेत. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्यानं, त्याच टपरीवर चहा पिऊन दुकानात जायचं ही त्यांची तीस वर्षांची सवय. मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं नाही तर?

निवृत्त_हवालदार_कोरेगाव:

हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं, पैलवान. मोठी माणसं ऐकत नाहीत, कारण न ऐकूनच ती मोठी झालेली असतात. अब्राहम लिंकनना १८६५ मध्ये नाट्यगृहात गोळी लागली त्या रात्री त्यांच्या पहाऱ्यावरचा पोलीस जागेवर नव्हता, पण त्याआधीही पहारेकऱ्यांचा त्यांना कंटाळाच होता.

सगळंच बदलायला जाऊ नको. दोन गोष्टी मागून घे, त्याही नोकरी धरायच्या आधी, घरच्या वडीलधाऱ्यांसमोर. पहिली, धोका आहे असं तू म्हणालास आणि "चला" म्हणालास तर त्या क्षणी प्रश्न न विचारता ते हलतील, वाद नंतर. दुसरी, निघायची वेळ आणि रस्ता तू ठरवशील. चहा त्याच टपरीवरचा पिऊ देत, पण कधी आधी, कधी उशिरा, कधी दुकानातच मागवून. टपरीवाल्याशी तू दोस्ती कर. अनोळखी माणूस दोन दिवस तिथं बसून शेठची चौकशी करत होता, हे तुला पहिल्यांदा तोच सांगेल. घरचे तयार होतात, शेठाणीबाई तर नक्की होतील. या दोन गोष्टींनाही शेठ नाही म्हणाले तर ही नोकरी घेऊ नको.

तिकडं पोचल्यावर पहिल्या आठवड्यात शेठना घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. धमकीच्या तक्रारीची प्रत सोबत ठेव, तुझं आधार कार्ड आणि चारित्र्य पडताळणीचा कागद दाखव, म्हणजे तू कोण हे त्यांना माहीत राहील. पुन्हा फोन आला तर नंबर, वेळ आणि बोललेले शब्द जसेच्या तसे वहीत लिही आणि त्याच दिवशी ठाण्यात दे. त्यांना धोका खरा वाटला तर बंदोबस्त ते देतील, तो तुझ्या पंचवीस हजारांत होणारा नाही.

आणि कामापुरतं तमिळ आत्तापासून शिकायला लाग. थांबा, मागं व्हा, वाट सोडा, दवाखाना कुठं आहे. तिथल्या बाजारात तू मराठीत ओरडलास तर कोणी बाजूला होणार नाही. विट्यात सुट्टीला आलेली तिकडची पोरं असतील, त्यांच्याकडून महिनाभरात होईल.